चिन्ह, शब्द, सूचना की स्वाइप: सुटसुटीत ॲपची बटणं लोकांना कळावीत म्हणून काय निवडाल?

दुधाचा रतीब लिहून ठेवायला मी एक छोटं ॲप केलं. पांढरा पडदा, महिन्याचं कॅलेंडर, खाली चार चिन्हं, बस. दिसायला देखणं. पुण्यात कर्वेनगरला आमच्या शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला, "उद्या दूध नकोय, तेवढं नोंदवा" म्हटलं आणि गप्प बसलो. त्यांचा अंगठा चारही चिन्हांवरून वरच्यावर फिरला. नोंदीसाठी मी आडवी रेघ मारलेला गोल ठेवला होता. काकूंनी कोपऱ्यातली फुली दाबली आणि पान मिटलं. "दूध बंद करायचंय ना? मग बंदचंच दाबलं की." यावर काय बोलणार!

तेव्हापासून चार वाटा वापरून पाहिल्या. तुमचंही ॲप असंच मोकळंढाकळं असेल आणि लोक अडखळत असतील, तर निवड करताना हे उपयोगी पडेल.

नुसती चिन्हं ठेवली तर जागा वाचते आणि भाषांतराची कटकट नसते. पण भिंग, घर, मागे जाणारा बाण, कचऱ्याचा डबा अशी थोडीच चिन्हं सगळ्यांच्या ओळखीची असतात. शेअरचंच बघा: आयफोनवर चौकोनातून वर जाणारा बाण, अँड्रॉइडवर जोडलेले तीन ठिपके. एकाच घरात दोन्ही फोन असले की गोंधळ ठरलेला. लिफ्टमध्ये दार उघडायचे त्रिकोण कुठले आणि मिटायचे कुठले, हे ओळखेपर्यंत धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार मिटतं, तीच गत. तुमचं काम तुमच्याच ॲपपुरतं असेल (खाडा, उधारी, पाळी बदलणं), तर त्याला सर्वमान्य चिन्ह नाहीच असं धरून चाला.

चिन्हाखाली शब्द लिहायला मी आधी तयार नव्हतो. पाट्यांच्या गावात राहून बटणाला पाटी लावायची लाज! शेवटी लिहिलं, तर पहिला शब्दच चुकला. "रद्द" लिहिलं, काकूंना वाटलं, रतीबच रद्द होईल. "आज नको" लिहिलं, पण नोंद तर उद्याची करायची होती. मग त्याच म्हणाल्या, "अरे, खाडा मांडायचाय होय!" बटणाखाली "खाडा" आलं आणि प्रश्न मिटला. शब्द आपण घडवायचा नसतो, वापरणाऱ्याच्या तोंडून उचलायचा. "सामायिक करा"पेक्षा "पाठवा" बरं, आणि "जतन करा"पेक्षा सरळ "सेव्ह" चालतं.

देवनागरीची एक खोच आहे. इंग्रजीला पुरणाऱ्या ओळीच्या उंचीत "पूर्ण" लिहून बघा: वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जातो. भाषा "मराठी" अशी नीट नोंदवली नाही, तर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. ज्येष्ठ मंडळी फोनची अक्षरं मोठी करून ठेवतात, म्हणून सर्वांत मोठ्या मापावर शब्द तुटतो का, तेही बघा. एक फायदा आयता मिळतो: बटणाला खरा मजकूर असला की टॉकबॅक (दिसत नसलेल्यांना पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) तोच वाचून दाखवतो. नुसत्या चिन्हाला वर्णन वेगळं लिहावं लागतं आणि आपण ते हमखास विसरतो.

"शब्दांनी गर्दी होते" असं तुमचा डिझायनर म्हणेल. त्याला सांगा, २०१३ साली आयओएस ७ मध्ये ॲपलने बटणांच्या चौकटी काढल्या आणि पुढच्याच वर्षी ७.१ मध्ये, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी, बटणांचे आकार दाखवायची सोय सेटिंगमध्ये दिली.

पहिल्यांदा ॲप उघडल्यावर दाखवायची टूर मी केली आणि काढून टाकली. माणूस दूध लिहायला आलेला असतो. तो "पुढे, पुढे" करत सुटतो. त्यापेक्षा रिकाम्या पानावरची एक ओळ कामी येते: "अजून नोंद नाही. तारखेवर बोट ठेवा."

स्वाइपचा अनुभव महागात पडला. तारीख डावीकडे सरकवली की खाडा, अशी सोय होती. बिबवेवाडीचे आमचे काका यादी वर-खाली करताना अंगठा तिरका फिरवतात. महिनाअखेर तीन खाडे जास्त निघाले आणि दूधवाल्याशी तीन लिटरवरून वाद झाला. चूक माझी होती. आयफोन एक्सने २०१७ मध्ये होमचं बटण काढून स्वाइप आणलं आणि लोक शिकले, हे खरं. पण ते सरकवणं दिवसभर सतत होतं, तुमचं ॲप उघडतं दिवसातून एकदा. शिवाय अँड्रॉइड १० पासून जेश्चर (बटणांऐवजी बोट सरकवून फोन चालवायची सोय) चालू असतील तर कडेवरून सरकवणं म्हणजे मागे जाणं, त्यामुळे कडेला तुमचं स्वाइप ठेवलं तर भांडण होणारच. रोज तासन्‌तास वापरायचं ॲप असेल तर स्वाइप जरूर द्या, पण तेच काम बटणानेही झालं पाहिजे. आणि चुकलं तर "खाडा नोंदला · परत घ्या" अशी पट्टी खाली दिसू द्या.

कुठलीही वाट धरा, मापं सोडू नका. बोट टेकायची जागा ॲपल ४४ बाय ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडवर ४८ बाय ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं). सुगम्यतेच्या (सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या) डब्ल्यूसीएजी निकषांत लहान अक्षरांना ४.५:१ आणि चिन्हांना ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे मागच्या रंगाशी उजळपणाचा फरक, लागतो. आकडेमोड नको असेल तर भर दुपारी झेड ब्रिजवर उभं राहून तुमची फिकट करडी अक्षरं वाचून दाखवा.

माझ्या ॲपमध्ये आता खाली तीनच बटणं आहेत, तिन्हींना शब्द: नोंद, खाडा, हिशेब. चौथं "पाठवा" हिशेबाच्या पानात गेलं, कारण पाठवायचा असतो तो हिशेबच. काकूंनी परवा "हिशेब"वर बोट ठेवलं आणि विचारलं, "मागच्या महिन्याचा कुठंय?" तो बाणाच्या चिन्हामागे आहे. त्याला अजून शब्द सापडलेला नाही.