पिशवीचा कॅन्सर आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तर: शेक, गोळ्या की किमो?

गावाकडे ‘पिशवीचा कॅन्सर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांसाठी वापरला जातो आणि उपचारांबाबतचा पहिला घोळ तिथेच होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढलेला असेल तर शेक (रेडिएशन, म्हणजे किरणोपचार) आणि किमो हाच त्याचा मुख्य उपचार असतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागल्याने लक्षात येतो आणि त्यात पिशवी काढणे हाच पहिला उपचार मानला जातो. त्यामुळे शेजारच्या काकू नुसत्या शेकाने बऱ्या झाल्या म्हणून आपल्या आईचेही तसेच होईल, असे धरून चालू नये. येथील तुलना अस्तराच्या कर्करोगापुरती आहे.

हृदयविकार, अति वजन किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे भूल देणे धोक्याचे असेल, आजार दूरवर पसरला असेल किंवा तरुण बाईला अजून मूल हवे असेल, तरच शस्त्रक्रियेऐवजी दुसरा मार्ग धरला जातो. केवळ भीतीपोटी नकार असेल, तर माझ्या मते आधी भूलतज्ज्ञाशी समोरासमोर बोलावे, कारण पुष्कळदा ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनही होते.

आजार पिशवीपुरता आहे, पण वय आणि हृदय साथ देत नाही, अशा बाईसाठी शेक हाच सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. तो दोन तऱ्हांनी देतात. बाहेरून दिला जाणारा शेक सोमवार ते शुक्रवार असा साधारण ५ आठवडे चालतो. प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचाच असतो, पण खाडा पडू देऊन चालत नाही. आतून दिल्या जाणाऱ्या शेकात, म्हणजे ब्रॅकीथेरपीत, किरणोत्सारी स्रोत नळीतून थेट पिशवीत नेतात, आणि त्याच्या मोजक्याच बैठका लागतात. सुरुवातीच्या अवस्थेत काहींना आतला शेकच पुरतो, म्हणून ‘नुसत्या ब्रॅकीथेरपीवर भागेल का’ हा प्रश्न अवश्य विचारावा. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. रोजची ये-जा अशक्य असल्याने ५ आठवडे राहायचे कुठे आणि सोबत कोण थांबणार, हे शेक सुरू होण्याआधीच ठरवावे लागते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय वर्धा-यवतमाळकडच्या लोकांना त्या मानाने जवळ पडते. शेकामुळे जुलाब, लघवीची जळजळ आणि थकवा येतो. पुढे योनिमार्ग आकसू शकतो, आणि ही गोष्ट संकोचामुळे कुणी सांगत नाही, म्हणून ती बाईने स्वतः डॉक्टरांना विचारावी.

हार्मोनच्या गोळ्या सर्वांत सोप्या वाटतात: मेजेस्ट्रॉलसारखे प्रोजेस्टेरॉन गटातले औषध रोज घ्यायचे किंवा त्याच गटातले औषध सोडणारी तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवायची. पण हा मार्ग ज्यांना मूल हवे आहे, पेशी सौम्य प्रकारच्या आहेत आणि एमआरआयमध्ये आजार स्नायूत शिरलेला नाही, अशांसाठीच योग्य ठरतो. बहुतेकींचा आजार गोळ्यांनी मागे हटतो, तरी बऱ्याच जणींत तो परत येतो. म्हणून दर ३ ते ६ महिन्यांनी अस्तराचा तुकडा तपासणे चुकवता येत नाही. रक्त थांबले की बरे झाले, असे समजून सोयाबीनच्या हंगामात तपासणी पुढे ढकलणे ही या उपचारातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. वजन वाढणे आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होणे हे धोकेही आहेत. वयस्क, शेकही न झेपणाऱ्या बाईला याच गोळ्या आजार दाबून ठेवण्यासाठी देतात, मात्र तिथे पूर्ण बरे होण्याची अपेक्षा धरू नये.

किमो मुख्यतः पसरलेल्या किंवा परतलेल्या आजारासाठी असते. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी दर २१ दिवसांनी, बहुधा ६ वेळा देतात. दोन सलाईनांच्या मधले दिवस घरी काढता येत असल्याने ती शेकापेक्षा सोयीची वाटते, पण त्या दिवसांत १००.४ अंशांवर ताप गेला तर गावातली गोळी घेऊन वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. केस परत येतात. बोटांची बधिरता मात्र महिनोन्‌महिने राहू शकते, आणि कापूस वेचणाऱ्या बाईसाठी ती केस गळण्यापेक्षा मोठी अडचण आहे. मुंग्या सुरू होताच सांगितले तर डोस बदलता येतो.

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी करणारी औषधे, काही विशिष्ट रुग्णांत चांगली लागू पडते, मात्र ती फार महाग आहे. ती उपयोगी पडेल का, हे बायोप्सीच्या तुकड्यावरच्या एमएमआर तपासणीतून (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिने आहेत का, हे पाहणारी तपासणी) बरेचसे कळते. म्हणून त्या तुकड्याचा मेणात जपलेला ब्लॉक रुग्णालयातून मागून जपून ठेवावा.

खर्चाच्या बाबतीत शेक आणि किमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, पण उपचारांआधी मंजुरी लागते. त्यासाठी रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटावे. रेशन कार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळे असेल तर ते गावातून निघण्याआधीच दुरुस्तीला टाकावे.