वडिलांच्या 1210 ट्रकला एअर ब्रेक बसवले, त्याला अकरा महिने झाले

आमची गाडी टाटा 1210 एसई, 1979 ची. वडिलांनी घेतली तेव्हापासून मेळघाटातला परतवाडा-धारणी रस्ता तिच्या पायाखालचा. आता ती वर्षातून चार-पाच महिनेच चालते: सोयाबीन, मग तूर, मधे संत्रा. पण धारणीहून भरून येताना घटांगचा उतार चुकत नाही. सात टन माल पाठीशी घेऊन जुन्या तेलाच्या ब्रेकवर तो उतार उतरायची माझी हिंमत संपली होती. म्हणून मागच्या दसऱ्याआधी तेल काढून पूर्ण हवेचे ब्रेक केले.

कारण एकच दिवस. दोन वर्षांआधीचा मे, अंगाची लाही होत होती. अर्धा घाट उतरल्यावर पायडल सरळ खाली गेलं. ड्रायव्हर काकांनी गाडी दुसऱ्यात टाकली, भराभरा पंप मारले आणि डाव्या अंगाने डोंगराला घासत उभी केली. क्लीनर पोराने उडी टाकून चाकाखाली ठोकळा सरकवला. काका स्टेअरिंगवरून हात न काढता एवढंच बोलले, "पाह्य बाप्पा, आज वाचलो."

गळती कुठेच नव्हती. तेल उकळलं होतं. डॉट 3 तेल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी मुरलं की 140 पर्यंत खाली येतं. चाकांचे ड्रम तापले, व्हील सिलेंडरमधे वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, तिच्याने लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा पट्टा) दाबत नाही. शिवाय जुन्या गाडीची लाइन एकच. एका चाकाचं वॉशर गेलं तरी चारही कोपऱ्यांचा ब्रेक जातो.

सामान जुळवायलाच दोन महिने गेले. हवेच्या ब्रेकला ड्रममधे कॅम (फिरून लायनर ड्रमवर दाबणारा तुकडा) लागतो, तो जुन्या अ‍ॅक्सलवर बसत नाही. म्हणून पुढच्या पिढीच्या टाटाचे दोन्ही अ‍ॅक्सल भंगारातून आणले. कॉम्प्रेसर, तीन टाक्या, दुहेरी ब्रेक व्हॉल्व्ह, मागे स्प्रिंगवाले चेंबर (चेंबर म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलणारा डबा). मजुरी धरून पावणेदोन लाख लागले. हात लावायच्या आधी आरटीओत कागद केले. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. कोणी म्हणालं "चालते भाऊ", तरी ऐकू नका.

आता फरक. रिकाम्या गाडीत ब्रेक दाबला तर जुन्यापेक्षा फार जोरात लागतो असं नाही. उलट हवा मागच्या चेंबरपर्यंत पोचायला किंचित वेळ घेते, सुरुवातीला ते जाणवतं. खरा फरक भरल्या गाडीत दिसतो. पुढची आणि मागची लाइन वेगळी, एक फुटली तरी दुसरी धरते. आणि पार्किंगचा ब्रेक हवेने लागत नाही, तो स्प्रिंगने लागतो. हवा त्याला मागे रेटून ठेवते. सगळी हवा गेली तर गाडी सुटत नाही, जागीच जाम होते.

हे मी चौथ्या महिन्यात डोळ्यांनी पाहिलं. मागच्या डाव्या चेंबरमधे स्प्रिंगकडचा रबरी पडदा फाटला. नवा सांगून विकलेला, आतून जुनाच होता. दुकानदाराचा मला आजही राग आहे, कारण ही वस्तू जिवाशी जोडलेली आहे. पण त्या दिवशी झालं काय? चढावरच फुसफुस आवाज आला, डावं चाक धरलं आणि गाडी थांबली. मागे चार गाड्या अडल्या, शिव्या खाल्ल्या. चेंबरच्या मागचा बोल्ट घालून स्प्रिंग आवळून घेतली, चाक मोकळं केलं आणि हळूहळू गाडी बाजूला घेतली. ते स्प्रिंगचं घर मात्र रस्त्यावर पाना लावून उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जातो.

सर्वात जास्त वेळ काकांच्या पायाला लागला. चाळीस वर्षं तेलाचे ब्रेक चालवलेला पाय. उतार दिसला की पंप, पंप, पंप. तिथे ते बरोबर होतं. हवेत प्रत्येक पंप म्हणजे टाकीतली हवा बाहेर. पहिल्या आठवड्यात घटांग उतरताना हवेच्या दाबाचा काटा साडेसातवरून साडेपाचवर आलेला मी शेजारी बसून पाहिला. मी म्हटलं, "काका, एकदाच दाबा, धरा आणि सोडा." काका म्हणाले, "पाय ऐकून नाही राहिला ना बाप्पा." पूर्ण दिवाळी गेली, मग पाय शांत झाला. आता ते माथ्यावरच दुसरा गिअर टाकतात आणि अधूनमधून एकदाच दाबतात. गिअरचं काम ब्रेकवर टाकलं तर हवेचे लायनरही तापणारच, आणि तापलेला ड्रम फुगला की चेंबरचा रॉड जास्त बाहेर येतो.

म्हणून दर पंधरा दिवसांनी मी गाडीखाली जातो. चाकांना ठोकळे लावून, स्प्रिंग ब्रेक सोडून, हवा पूर्ण भरल्यावर पोरगा पायडल दाबतो आणि मी रॉडवर खडूची खूण करतो. आमच्या चेंबरला दोन इंचांच्या आत पाहिजे. एका बाजूचा जास्त निघाला की स्लॅक (रॉड आणि कॅमच्या मधली, ढिलाई काढायची दांडी) आवळतो. तेलाच्या ब्रेकला एवढं बघावं लागत नव्हतं, हे मान्य. सकाळी हवा भरेपर्यंत गाडी हलत नाही, हेही मान्य.

पावसाळ्याने एक उणीव दाखवली. आषाढात पहिल्या टाकीचा कॉक (साचलेलं पाणी सोडायची तोटी) उघडला की आधी दुधासारखं तेलकट पाणी, कधी अर्धा ग्लास, मग कोरडी हवा. एकदा दोन दिवस पोरगा विसरला, तर व्हॉल्व्ह चिकटून ब्रेक सुटायला उशीर लागला. आता संध्याकाळी किल्ली काढायच्या आधी कॉक उघडायचा, हे ठरलेलं. हवेतला ओलावा काढणारा एअर ड्रायर तेव्हाच घ्यायला पाहिजे होता, पैसे वाचवायच्या नादात राहिला. सोयाबीनची पहिली खेप उतरली की त्याच पैशातून तो बसवणार आहे.