ऑल्टोचा मागचा दिवा घरी बदलताना : ल्युमॅक्सच्या दिव्याचा अनुभव

मागच्या दिव्याची काच तडकली की आपल्या साताऱ्यात बहुतेक जण तिच्यावर लाल चिकटपट्टी लावतात आणि तीच पावसाळाभर चालवतात. माझ्या मते ही पट्टी लवकरात लवकर काढून पूर्ण दिवाच बदलावा. तडकलेल्या काचेतून पाणी आत शिरले की परावर्तकाचा चंदेरी थर काळवंडतो, बल्ब धरणाऱ्या होल्डरचे पितळी भाग गंजतात आणि ब्रेक दाबल्यावर दिवा लागला की नाही, हे चालकाला आत बसून कळतही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या घाटात धुके उतरते, तेव्हा मागून येणाऱ्याला आपली गाडी दिसते ती याच दोन लाल दिव्यांमुळे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल प्रकाश १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. पावसाने फिकी पडलेली पट्टी त्याची हमी देऊ शकत नाही.

जुन्या जीपच्या दिव्यावरची काच बाहेरचे स्क्रू काढून वेगळी करता येत असे. ऑल्टोसारख्या गाड्यांत ती मागच्या कवचाला कायमची जोडलेली असते, म्हणून नुसती काच मागण्याऐवजी पूर्ण दिवा घ्यावा. पोवई नाक्याजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात मी ल्युमॅक्सचा दिवा घेतला. ही कंपनी मारुतीला कारखान्यातही दिवे पुरवते. दुकानदाराने गाडीचे साल विचारले आणि ‘साहेब, गाडीत बसल्यावर डावा ना?’ अशी खात्री करूनच डबा काढला, हे मला फार आवडले, कारण समोर उभे राहून गाडी पाहणाऱ्याची डावी-उजवीची गल्लत सहज होते.

बसवण्याचे काम अवघड नाही. डिकी उघडल्यावर दिव्याच्या आतल्या कडेला स्क्रू दिसतात. ते काढून दिवा सरळ मागे ओढावा. बाहेरच्या बाजूला तो खुंट्यांवर अडकलेला असतो, त्यामुळे तिरका ओढल्यास खुंटी मोडण्याची किंवा रंगावर ओरखडा उठण्याची भीती असते. होल्डर डावीकडे फिरवून सोडवावेत आणि जुने बल्ब चांगले असतील तर तेच वापरावेत. ब्रेक आणि टेल (रात्री सतत लागणारा मागचा लाल दिवा) यांचा बल्ब एकच असून त्यात २१ व ५ वॅटच्या दोन पेटणाऱ्या तारा (फिलामेंट) असतात. त्याच्या बुडाशी असलेल्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणून तो उलटा बसत नाही. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून पाहावा.

खरी परीक्षा गॅस्केटची, म्हणजे दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये दबून पाणी अडवणाऱ्या पट्टीची असते. पत्र्यावरची धूळ आणि जुना चिकटा पुसून घेतल्याशिवाय गॅस्केट नीट दबत नाही, आणि ती दबली नाही तर नवा दिवाही पहिल्या पावसात आतून धुरकट होतो. या दिव्याची कड पत्र्याशी सर्वत्र सारखी जुळली, फट राहिली नाही आणि पाण्याचा पाइप धरून पाहिल्यावरही आत थेंब आला नाही. यापूर्वी शेजाऱ्यांच्या गाडीला बसवलेला एक स्वस्त, बिननावाचा दिवा मी पाहिला होता. त्याची कड वरच्या कोपऱ्यात उचललेली राहिली होती आणि लाल रंगही नारिंगीकडे झुकत होता. पैसे वाचवायचे असतील तर मजुरीत वाचवावेत, दिव्यात नाही.

सगळे जोडल्यावर टेल, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्स हे चारही दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. ब्रेक दाबताच इंडिकेटरही मंद पेटू लागला, तर बहुधा अर्थिंग सैल आहे. होल्डरचे टोक पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवावे.

या दिव्याबाबत एकच गोष्ट आधी लक्षात घ्यावी. नव्या काचेचा लाल रंग इतका गडद आणि स्वच्छ आहे की उन्हात पिकलेला जुना दिवा त्याच्या शेजारी फिका दिसतो, म्हणून गाडी बरीच जुनी असेल तर शक्य झाल्यास जोडीच घ्यावी.