बाबांचं डायलिसिस सेंटर बदललं, वर्षभरानंतरचा रिव्ह्यू (5 पैकी 4)

आधीच सांगते, एसी, टीव्ही, चहा हे बघून सेंटर निवडणार असाल तर हे तुमच्यासाठी नाही. खुर्च्या मोडक्या, पार्किंग शून्य, आणि सकाळची शिफ्ट सातची म्हणतात पण मशीनला लावेपर्यंत पावणेआठ होतातच. एक स्टार त्याचाच कापलाय.

बाकीचे चार कशाचे, तर हे लोक फाईल वाचतात.

जुन्या सेंटरला (नाव घेत नाही, कुणाला त्रास नको) बाबांना दर आठवड्याला आयर्नचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सलाईनमधून जायचं, हिमोग्लोबिन कमी आलं की आयर्न, असा साधा हिशोब, आणि वर्षभरात चार पिशव्या रक्त चढवलं ते वेगळंच. फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी केलं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या बघून सांगते, त्या अजून बघतायत. मलाही वाटायचं आयर्न म्हणजे ताकद, जास्त झालं तर काय बिघडणार.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच आयर्न थांबवलं आणि फेरिटिन, टीसॅट (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) दोन्ही करून आणायला सांगितलं. फेरिटिन 1640, टीसॅट 52 टक्के. इथे साधारण 700 च्या वर फेरिटिन किंवा 40 च्या वर टीसॅट गेलं की आयर्न बंद, म्हणजे आम्ही किती पुढे गेलो होतो बघा. अंगात ताप किंवा इन्फेक्शन असेल तर फेरिटिन उगाचच वाढलेलं दिसतं म्हणून सीआरपी (सूज-इन्फेक्शनची रक्ततपासणी) पण केली आणि तीन आठवड्यांनी सगळं परत केलं, तेव्हा कुठे नक्की म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. डायलिसिसच्या नळ्यांत आणि फिल्टरमध्ये थोडं रक्त वाया जातं म्हणून पेशंटला आयर्न लागतंच, ते वाईट नाही, पण मोजून. आणि रक्ताच्या एका पिशवीतच साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं, ते कुणी हिशोबात धरतच नाही. साठतं ते आधी यकृतात, फार झालं तर हृदयाच्या स्नायूत, आणि तिथे गेलं की ठोके चुकू शकतात. सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं, डायलिसिसवाल्यांत हृदयापर्यंत क्वचित.

मी घाबरून विचारलं, बाबांना सोमवारी रात्री धडधडतं ते यानेच का? इथे मला हा माणूस आवडला. म्हणाले, सगळं खापर लोहावर फोडू नका, वार बघा. बाबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार, म्हणजे सोमवारी रात्री दोन दिवसांचं पोटॅशियम आणि पाणी अंगात, ठोके बिघडायला तेवढं पुरतं. (रविवारी मामी शहाळं पाजायची, प्रेमाने! आता बंद.) वर आधीच्या ठिकाणी चार तासांत साडेतीन लिटर पाणी काढायचे, 58 किलोच्या माणसाचं, तेही हृदयाला झेपत नाही म्हणे. मग ईसीजी, टूडी इको, 24 तासांचं होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) आणि यकृतातलं लोह मोजायचा एमआरआय झाला. यकृतात लोह भरपूर, हृदय ठीक, होल्टरमध्ये जादा ठोके थोडे होते. ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावर असायला हवं ते वजन) परत ठरवलं, पाणी हळू काढायला लागले.

आयर्न आठ महिने बंद होतं, हिमोग्लोबिन वाढवायचं वेगळं इंजेक्शन मात्र चालूच. फेरिटिन आता 610, हिमोग्लोबिन 10.2, मधे रक्त एकदाही नाही. धडधड कमी आहे, पूर्ण गेली असं नाही म्हणणार.

अजून एक तक्रार, रिपोर्टची झेरॉक्स मागितली की बिलिंगवाले तोंड वाकडं करतात. मी मोबाईलवर फोटो काढून घेते. एक टेक्निशियन दादा मात्र सुई टोचायच्या आधी न चुकता नाडी बघतात आणि "काका, काल रात्री धडधडलं का?" विचारतात, बाबा खोटं बोलले तर मी मागून मान हलवते.