पिवळा पीएच पेन: फवारणीच्या पाण्यासाठी घ्यावा का?

घ्यावा, पण सोबत बफरच्या पुड्या (पेन जुळवायला ठरावीक पीएचचे द्रावण बनवणाऱ्या) वापरायची तयारी असेल तरच. हा पेन ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आतली रचना बहुतेक सारखीच: टोकाला काचेचा नाजूक फुगा, वर स्क्रीन, आत बटण सेल. स्क्रीनवर ७.४३ दिसले तरी ०.१ चा फरक इकडेतिकडे धरावाच. फवारणीला तेवढे पुरते. लिटमस फक्त आम्ल की अल्कली एवढेच सांगतो आणि रंगपट्टीवर ६ की ७ हे डोळ्यांना नीट ठरवता येत नाही. सामूमध्ये, म्हणजे पीएचमध्ये, एक अंक म्हणजे दहापट फरक. ८ वरून ६ वर आणायचे तर हायड्रोजन आयन शंभरपट व्हावे लागतात.

नवा पेन तसाच पाण्यात बुडवू नका. ६.८६ आणि ४.०१ च्या पुड्या प्रत्येकी २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. आधी ६.८६ मध्ये बटणाने किंवा मागच्या स्क्रूने आकडा जुळवा. फुगा धुऊन टिश्यूने नुसता टिपा, घासू नका. मग ४.०१ मध्ये तपासा. जुळवूनही तिथे ४.५ दाखवत असेल, तर फुगा थकला आहे. तो बदलता येत नाही, ही या पेनची मोठी उणीव. टोपीत साठवणीचे द्रावणही बहुधा येत नाही. फुगा कोरडा पडला की आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागतो. टोपीत पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे चार थेंब ठेवा, डिस्टिल्ड पाणी कधीच नाही.

खरा उपयोग बोअरच्या पाण्याला. कॅप्टनसारखे बुरशीनाशक सामू ८ च्या पाण्यात मिनिटांत विघटित होऊ लागते, म्हणून आधी पाणी, मग आम्ल, मग औषध. पण आम्ल किती, हे पेन आकड्यावरून सांगत नाही. दोन्ही बोअरचा सामू ८ असला तरी ज्यात बायकार्बोनेट जास्त, त्याला सायट्रिक अॅसिड कितीतरी जास्त लागते. त्यामुळे १० लिटरच्या बादलीत एकेक ग्रॅम टाका, ढवळा, दोन मिनिटे थांबून मोजा. ६ च्या आसपास आले की एकूण ग्रॅमला २० ने गुणा; हा २०० लिटरच्या ड्रमचा हिशोब. फवारणीआधी पुन्हा मोजा, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू परत चढतो.

बोर्डो मिश्रणाला (तांब्याचे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक) मात्र आम्ल नकोच. तिथे सामू उदासीन किंवा किंचित अल्कली हवा, नाहीतर मोकळे तांबे पाने करपवते. चुन्याचा थर फुग्यावर बसतो, म्हणून मोजल्यावर लगेच पातळ व्हिनेगर आणि मग साधे पाणी. पेन खराब करायचा नसेल तर घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ धरा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे.