प्रतिकारशक्तीचे चूर्ण आणि त्यात दडवलेले औषध

फ्लूने मला तीन आठवडे अंथरुणाला खिळवले आणि त्यातून उठल्यावरही पुढचे दोन महिने जिना चढताना धाप लागत राहिली. माझे वय तेव्हा ५८ होते, रक्तातली साखर सीमारेषेवर होती, आणि पुन्हा एखाद्या विषाणूने गाठले तर आपण त्यातून उठू का, ही भीती मनातून जात नव्हती. अशा मनःस्थितीत एका परिचितांनी 'रोगप्रतिकारशक्ती नैसर्गिक मार्गाने वाढवून देणाऱ्या' केंद्राविषयी सांगितले आणि मी तेथे गेले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारीचा निर्णय अजून व्हायचा आहे. परंतु तेथे जे घडले ते क्रमाने लिहिते, कारण ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती कोणाच्याही बाबतीत सहज वापरता येण्यासारखी आहे.

तेथील सल्लागारांनी माझ्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढून काचपट्टीवर ठेवला, त्यावर पातळ काच बसवली आणि ती बाजूला ठेवून बराच वेळ माझ्या आजारपणाची आस्थेने चौकशी केली. मग ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेव्हा शेजारच्या पडद्यावर माझेच रक्त दिसू लागले. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून लांबच लांब माळा झाल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक गोलसर पांढरी पेशी जागच्या जागी थबकल्यासारखी दिसत होती. "ताई, बघा, रक्त किती चिकट झालंय. ही तुमची सैनिक पेशी, तिला हलताही येत नाहीये. तुमची प्रतिकारशक्ती जेमतेम ३८ टक्के उरलीय," असे ते म्हणाले. स्वतःचे रक्त अशा अवस्थेत डोळ्यांनी पाहिल्यावर शंका घेण्याचे बळ माणसात उरत नाही. मी त्याच दिवशी तीन महिन्यांच्या चूर्णाचे पैसे रोख भरले आणि पावती मागण्याचेही मला सुचले नाही.

पुढे एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "थेंब ठेवल्यावर किती वेळाने पाहिलं त्यांनी?" रक्ताचा थेंब जाड असला किंवा काचपट्टी काही वेळ तशीच पडून राहिली की निरोगी माणसाच्याही तांबड्या पेशी अशा चळती करतात, हे त्यांनी मला समजावून सांगितले. म्हणजे माझ्याशी झालेल्या त्या आस्थेवाईक गप्पा हा तपासणीचाच भाग होता. काही आजारांत रक्तातली प्रथिने वाढल्याने खरोखरच अशा चळती होतात, पण त्यावरून प्रतिकारशक्तीची टक्केवारी काढण्याची कोणतीही मान्य पद्धत अस्तित्वात नाही.

टक्केवारी निघूच शकत नाही याचे कारण मला फार उशिरा कळले, आणि ते आधी ठाऊक असते तर मी त्या खुर्चीवरून उठून आले असते. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी एकच एक गोष्ट नाही. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी ती शोधली. त्यापाठोपाठ बाधित पेशींना मारणाऱ्या पेशी येतात, मग त्या विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी कामाला लागतात, आणि आजार ओसरल्यावर त्यांतल्या काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. एखाद्या विषाणूविरुद्ध भक्कम तयारी असलेले शरीर दुसऱ्या विषाणूबाबत पूर्णपणे अनभिज्ञ असू शकते. डॉक्टरही काही चाचण्या करतात, उदाहरणार्थ इम्युनोग्लोब्युलिनची म्हणजे प्रतिपिंडांची पातळी किंवा सीडी-४ या प्रकारच्या टी-पेशींची संख्या, पण त्या विशिष्ट आजाराचा संशय असतानाच केल्या जातात आणि त्यांचा निष्कर्ष एका आकड्यात मावत नाही.

चूर्ण सकाळ-संध्याकाळ एक चमचा घ्यायचे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला जो फरक जाणवू लागला तो काल्पनिक नव्हता. धाप कमी झाली, गुडघ्यांची जुनी दुखी पळाली, भूक सपाटून लागू लागली आणि दिवसभर अंगात उत्साह राहू लागला. रात्री झोप येईना, पण शक्ती वाढल्यामुळे शरीराला झोपेची गरज कमी झाली आहे, असे मला सांगण्यात आले. मी भारावून गेले होते. ज्या औषधाने चार दिवसांत गुण येतो ते खोटे कसे असेल, असे मी घरच्यांना ठणकावून सांगितले आणि माझ्या एका मैत्रिणीलाही आग्रहाने तेथे पाठवले. दुसऱ्या महिन्यात चेहरा गोल आणि तुकतुकीत दिसू लागला, साधा धक्का लागला तरी दंडावर काळेनिळे डाग पडू लागले आणि साखर इतकी वाढली की घरच्या यंत्रावरच मला संशय आला. या प्रत्येक गोष्टीला केंद्राकडे एकच उत्तर होते, की शरीरात साठलेले विष सुटते आहे.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी उजव्या बरगडीखाली आग पडल्यासारखे दुखू लागले. दोन दिवसांनी तेथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला, जो पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येऊन थांबला होता. साडीचा पदर घासला तरी जीव कळवळत होता. मी केंद्राला दूरध्वनी केला. "छान झालं, ताई! विषाणू बाहेर पडतोय. आता चूर्ण दुप्पट करा आणि कुठल्याही गोळ्या घेऊ नका, नाहीतर सगळं आत दाबलं जाईल," असा सल्ला मिळाला. मी चूर्ण दुप्पट केले. पैसे गेले याचे दुःख मला फारसे नाही. त्या सल्ल्यावर विश्वास ठेवून मी जे सहा दिवस घालवले, त्यांचे मात्र अजूनही आहे.

फोडांच्या सातव्या दिवशी मुलीने मला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेले. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्याच होत्या. पट्टा पाहताक्षणी त्यांनी नागीण असल्याचे सांगितले. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून कधीच जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेवर येतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ॲसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर यांसारखे विषाणुरोधक औषध सुरू केले तर आजार लवकर आटोक्यात येतो. ती वेळ माझ्या हातून केव्हाच निघून गेली होती. डॉक्टरांचे लक्ष मात्र फोडांपेक्षा माझ्या चेहऱ्याकडे आणि दंडावरच्या डागांकडे अधिक होते. "काकू, तुम्ही स्टिरॉइड घेताय का?" त्यांनी विचारले. मी ठामपणे नाही म्हणाले. "मग दुसरं काही?" मी म्हणाले, "औषध काहीच नाही, फक्त चूर्ण घेते." त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि ती बरणी त्याच दिवशी आणून दाखवायला सांगितले.

सकाळच्या रक्ततपासणीत कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड संप्रेरक, जवळजवळ नसल्यासारखे निघाले आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या चूर्णात डेक्सामेथासोन सापडले. हे स्टिरॉइड वर्गातले प्रभावी औषध आहे. ते सूज आणि वेदना झपाट्याने कमी करते, भूक आणि उत्साह वाढवते, झोप उडवते, साखर चढवते आणि दीर्घकाळ घेतल्यास रोगप्रतिकारशक्ती दडपून टाकते. म्हणजे प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ज्या चूर्णावर मी श्रद्धेने विसंबले, त्यानेच तिचा पहारा ढिला केला होता आणि नागीण उठल्यावर मी त्याचीच मात्रा दुप्पट केली होती. सत्य कळताच बरणी फेकून द्यावी असे वाटले, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितले की असे औषध एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे थांबवतात, आणि आधार अचानक काढला तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मला मोजून-मापून लिहून दिलेल्या गोळ्या देऊन त्यांची मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागली. त्याबरोबर विषाणुरोधक औषधही सुरू केले, कारण प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णाला ते उशिरा दिले तरी उपयोग होऊ शकतो.

स्टिरॉइड हे वाईट औषध आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत याच डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावर असलेल्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. मात्र ते प्रतिकारशक्ती वाढवून नव्हे, तर तिचा अनावर झालेला भडका शांत करून. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती अशा रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही. प्रतिकारशक्ती जितकी अधिक तितकी चांगली, हे केंद्राच्या भिंतीवरचे वाक्य किती चुकीचे आहे, ते मला यावरून उमगले. खरा गुन्हा औषध न सांगता, न मोजता आणि 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' असे लिहून देण्याचा आहे. त्या बरणीवर घटकांची यादी नव्हती, बॅच क्रमांक नव्हता, उत्पादकाचा परवाना क्रमांकही नव्हता. तीन महिने ती रोज हातात घेऊनही माझ्या हे लक्षात आले नाही.

नैसर्गिक उपायांवर माझा राग नाही. त्यांपैकी ज्यांची नीट तपासणी झाली आहे, त्यांच्याविषयी डॉक्टरांनी मला मोकळेपणाने सांगितले आणि ते केंद्रातल्या आश्वासनांच्या मानाने फारच साधे निघाले. क जीवनसत्त्व नियमित घेतल्याने सर्वसाधारण माणसांना सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही; झालेली सर्दी प्रौढांत सुमारे ८ टक्के कमी काळ टिकते, इतकाच लाभ. ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्यच आहे, पण प्रौढांसाठी दिवसाला ४००० आंतरराष्ट्रीय एकके (आययू) ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि भरमसाट घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. जस्ताचेही तसेच आहे: दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतले तर तांब्याची कमतरता होऊन पांढऱ्या पेशीच कमी होऊ शकतात. झोपेविषयीचा निष्कर्ष मला विशेष लागला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले होते, आणि सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चार पटींहून जास्त आढळली. ज्या चूर्णाने माझी झोप उडवली, त्यासाठी मी पैसे मोजत होते.

आणखी एक गोष्ट केंद्राने माझ्याकडून करवून घेतली, जी मला आज सर्वांत घातक वाटते. त्यांनी मला फ्लूची वार्षिक लस घेऊ दिली नाही; लस घेतली की चूर्णाचा परिणाम नाहीसा होतो, असे ते म्हणत. वास्तविक विशिष्ट विषाणूविरुद्ध स्मृतिपेशी तयार करून घेण्याचा खात्रीचा मार्ग लस हाच आहे. १७९६ मध्ये इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी ज्या कल्पनेची सुरुवात केली, तिच्याच बळावर १९८० मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. फ्लूचा विषाणू सतत बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्याच्या लशीच्या घटकांविषयी शिफारस करते आणि म्हणून ती लस दरवर्षी घ्यावी लागते. नागिणीवरही दोन मात्रांची लस उपलब्ध आहे, पन्नाशीनंतर ती घेता येते आणि चाचण्यांमध्ये तिचा प्रभाव ९० टक्क्यांहून अधिक दिसला आहे, हेही मला नागीण होऊन गेल्यावर कळले.

फोड तीन आठवड्यांत वाळले. वेदना मात्र पाच महिने झाले तरी गेलेली नाही. नागिणीनंतर मज्जातंतूंना झालेल्या इजेमुळे असे होते आणि ती किती काळ टिकेल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. केंद्राने पैसे परत केले नाहीत. औषध नियंत्रण अधिकाऱ्यांकडे मी लेखी तक्रार दिली, सोबत प्रयोगशाळेचा अहवाल आणि मोहोरबंद केलेली अर्धी बरणी जोडली. पावती नसल्यामुळे ती बरणी तेथूनच घेतली, हे सिद्ध करणे अवघड जात आहे.

अहवाल हाती आला त्याच संध्याकाळी मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. तिला चूर्ण सुरू करून सात आठवडे झाले होते आणि चेहरा माझ्यासारखाच भरला होता. मी सगळे सांगितल्यावर ती काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण मला खरंच बरं वाटतंय गं. इतकी वर्षं कोणी माझे गुडघे बरे केले नव्हते." तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण हेच वाक्य मी माझ्या मुलीला ऐकवले होते. मी पदर बाजूला करून बरगडीखालचे व्रण तिला दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिची बरणी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. सध्या तिची मात्रा दर आठवड्याला थोडी-थोडी उतरवणे चालू आहे.