एसीचा कॉम्प्रेसर बदलला: खर्च किती आला आणि नागपूरच्या उन्हाळ्यात काय दिसलं

गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोल हॅचबॅक. मुक्काम नागपूर, त्यामुळे एसीशिवाय मे महिना काढायचा विषयच नाही. फेब्रुवारीअखेर एसी लावला की बॉनेटखालून खरखर यायची, मग एके दिवशी बेल्ट किंचाळला आणि कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) जाम.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट ३४ हजार. एका गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीतला वापरलेला कॉम्प्रेसर साडेसहा हजारांत बसवून देतो म्हटलं. शेवटी काम दिलं फक्त गाड्यांचे एसी करणाऱ्या मिस्त्रीला, आणि बिल झालं २४,९००. कॉम्प्रेसर १५,५०० (गाडीत मुळात होता त्याच कंपनीचा, नवा), कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) ४,२००, एक्सपान्शन व्हॉल्व्ह ९००, गॅस-ऑइल-ओरिंग १,८००, फ्लशिंग (लाइन आतून धुणं) आणि लेबर २,५००.

कंडेन्सर कशाला, हा प्रश्न मीही विचारला. मिस्त्रीने जुन्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल तळहातावर ओतलं. काळपट, आणि बोटाने पसरवल्यावर त्यात चंदेरी कण चमकत होते. कॉम्प्रेसर आतून घासला की धातूचा हा चुरा ऑइल आणि गॅसबरोबर सगळ्या लाइनमध्ये फिरतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंग करूनही तो पूर्ण निघत नाही. माझ्या गाडीत ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारा भाग) कंडेन्सरलाच जोडून येतो. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर बदलला तर उरलेला चुरा नव्याचाही बळी घेणार. साडेसहा हजारांचा सौदा मला म्हणूनच महाग वाटला. शिवाय ड्रायर बदलल्याचं बिल नसेल तर नव्या कॉम्प्रेसरची वॉरंटी मिळत नाही, असं कॉम्प्रेसर विकणाऱ्या दुकानदाराने आधीच बजावलं होतं.

खरखर आली म्हणजे कॉम्प्रेसर गेलाच असं मात्र नाही. पुष्कळदा पुलीचं बेअरिंग किंवा मॅग्नेटिक क्लच (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा-सोडणारा भाग) गेलेला असतो, आणि ते काम फार कमी पैशांत होतं. बेल्ट काढून हाताने बघायचं: पुली फिरवल्यावर आवाज करत असेल तर बेअरिंग. माझ्याकडे पुली गुळगुळीत फिरत होती, पुढची क्लच प्लेट मात्र हलायला तयार नव्हती, म्हणजे कॉम्प्रेसरच आतून जाम. ही दोन मिनिटांची तपासणी समोर उभं राहून करून घ्या, नाहीतर एस्टिमेटमध्ये थेट कॉम्प्रेसरच येतो.

गॅस भरण्याआधी पाऊण तास व्हॅक्यूम लावला (पंपाने लाइनमधली हवा आणि ओल ओढून काढली), मग मशीन बंद करून गेजचा काटा परत येतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते बघत बसलो. गॅस आर १३४ए, वजनावर मोजून भरला. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. अंदाजाने ठोकलेला जास्तीचा गॅस कूलिंग कमीच करतो. आणि ‘दर उन्हाळ्यात गॅस भरायचाच असतो’ म्हणणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत, त्यांचं ऐकू नका. गॅस वापरून संपत नाही, गळतो. गळताना थोडं ऑइलही नेतो, आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर घासायला लागतो.

आता अनुभव. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हायवेवर व्हेंटला लावलेला थर्मामीटर ८-९ दाखवायचा. सीताबर्डीच्या सिग्नलला अडकलो की १५ पर्यंत चढायचा, पण कंडेन्सरला वारा पंख्याचाच मिळत असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. क्लच लागल्याची बारीक ‘टक्’ सोडली तर आवाज शून्य. ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. पावसाळ्यात काचेवरची वाफ लगेच उतरते, गेल्या वर्षी फडक्याने पुसत गाडी चालवावी लागायची.

सर्व्हिस सेंटरला नऊ हजार जास्त देऊन काय मिळालं असतं? कुठेही चालणारी वॉरंटी. गाडी घेऊन वरचेवर बाहेरगावी जात असाल तर त्याला किंमत आहे, माझी गाडी बहुतेक शहरातच असते. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल (आतली हवा थंड करते ती) अजून जुनीच आहे. ती गळली तर डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि लेबरच पाच-सहा हजार होईल, असं मिस्त्री म्हणतो. सध्या गळत नाही, म्हणून हात लावलेला नाही.